थंड पाण्यातली कॉफी : दाणे कसे निवडाल?

हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज बोलायचं आहे कॉफीविषयी. ‘आमच्याकडे चहाशिवाय पान हलत नाही, कॉफीचं काय घेऊन बसलात?’ असं कुणीतरी नक्की म्हणेल. आम्हीही आधी तेच म्हणालो होतो. पण आमचं गाव घाटरस्त्यावर आहे. उन्हाळ्यात आमच्या गटाचा कोकम सरबत, पन्हं आणि ताकाचा स्टॉल असतो. दोन वर्षांपूर्वी गाडीतून उतरणारी शहरातली मुलं विचारायला लागली, “काकू, कोल्ड ब्रू आहे का?” आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग गटातल्या एका ताईंच्या लेकीने उलगडा केला. ती पुण्याला नोकरीला असते. ती म्हणाली, “आई, काही अवघड नाही. कॉफी रात्रभर गार पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची आणि बर्फ घालून द्यायची. तिकडे एका ग्लासाला दीडशे-दोनशे रुपये घेतात.” एवढं ऐकल्यावर आम्हाला कुठला दम! बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो आणि सगळ्यात स्वस्त कॉफी पावडरीचे दोन किलोचे पुडे घेऊन आलो. नऊशे रुपये झाले.

रात्री मोठ्या पातेल्यात पावडर भिजवली. सकाळी फडक्यातून गाळायला गेलो तर फडकं तुंबलं. जे खाली आलं ते शाईसारखं काळं आणि गढूळ. चव म्हणाल तर जळक्या गुळाची, वरून कडवट. पहिल्याच गिऱ्हाइकाने दोन घोट घेतले आणि ग्लास तसाच ठेवून पैसे देऊन गेलं. त्या पैशांची आम्हालाच लाज वाटली.

नऊशे रुपये म्हणजे काही फार नाहीत, असं कुणी म्हणेल. पण आमच्या गटात महिन्याची बचत शंभर रुपये आहे. म्हणजे नऊ जणींची महिन्याची बचत त्या पातेल्यात गेली. मासिक बैठकीत तो खर्च वहीत लिहावा लागला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, “दुकानदाराने फसवलं का?” आम्ही पुडा परत हातात घेऊन नीट वाचला. फसवलं नव्हतं. पुड्यावर सगळं छापलेलं होतं. आम्हीच ते वाचलं नव्हतं.

म्हणून आजचं बोलणं पुड्यावर काय वाचायचं याबद्दल आहे. विकायला करा, नाहीतर घरी उन्हाळ्यात पोराबाळांच्या कौतुकाला करा, पैसे दाण्यांवरच जातात. ते नीट जावेत.

आधी पदार्थ समजून घेऊ

आपण लग्नाकार्यात जी दुधाची, फेसाची कोल्ड कॉफी पितो, ती वेगळी. तिच्यात विरघळणारी तयार कॉफी, दूध आणि भरपूर साखर असते. कोल्ड ब्रूमध्ये भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांचा भरडा गार पाण्यात बारा ते अठरा तास भिजवतात. उकळी नाही, वाफ नाही.

गरम पाणी दाण्यातला आंबटपणा, कडूपणा, वास सगळं झटक्यात ओढून घेतं. गार पाणी हळूहळू काम करतं. त्यात आंबट आणि कडू कमी उतरतं, गोडसर, खमंग चव पुढे येते. पण आणखी एक गोष्ट होते. चहात किंवा दुधाच्या कॉफीत आपण दूध-साखरेने पुष्कळ झाकून नेतो. इथे नुसतं पाणी आणि कॉफी. दाणा जुना असेल, करपलेला असेल, त्यात भेसळ असेल, तर झाकायला काहीच नाही.

पहिली गोष्ट : चिकोरी आहे का?

आमच्या पुड्यावर लिहिलं होतं, कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून त्याची पूड करतात. गुजरातेत त्याची शेती होते. त्यात कॉफीचा अंश अजिबात नसतो. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत थोडी चिकोरी मुद्दाम घालतात, त्यामुळे दुधाच्या कॉफीला दाटपणा आणि रंग येतो. तिथे ती शोभते. पण गार पाण्यात चिकोरी भराभर उतरते आणि कॉफीची चव मागे पडते. आमच्या पातेल्यातली जळक्या गुळाची चव तिचीच होती.

कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पुड्यावर छापावं लागतं. तेव्हा पुडा उलटा करून ते आकडे शोधा. कोल्ड ब्रूसाठी ‘शुद्ध कॉफी, १०० टक्के’ असंच हवं.

सुटी पावडर असेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वरून चमचाभर पावडर टाका, ढवळू नका. कॉफी वर तरंगत राहते. चिकोरी मात्र बुडायला लागते आणि खाली जाताना मागे तपकिरी रंगाच्या रेघा सोडते.

दुसरी गोष्ट : अरेबिका की रोबस्टा?

जसं ज्वारीत मालदांडी वेगळी आणि संकरित वेगळी, तसे कॉफीचे दोन मुख्य प्रकार. अरेबिका उंचावर, थंड हवेत येते. चव नाजूक, वास छान, किंचित आंबटगोड. रोबस्टा खालच्या भागात येते, झाड दणकट, रोगाला कमी बळी पडणारं. चव कडक. तरतरी आणणारं जे कॅफिन असतं, ते रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकते आणि ती स्वस्त मिळते.

नुसत्या पाण्यातली, बिनदुधाची कोल्ड ब्रू करायची असेल तर अरेबिका घ्या. दूध घालून द्यायची असेल तर तीन भाग अरेबिका आणि एक भाग रोबस्टा असं मिश्रण चांगलं लागतं, कारण दुधात नुसती अरेबिका हरवते. रोबस्टा वाईट असते असं मुळीच नाही. नीट पिकवलेली, धुतलेली रोबस्टा परदेशातही जाते. पण स्वस्त आणि काळी करून भाजलेली रोबस्टा गार पाण्यातही कडूच लागते.

तिसरी गोष्ट : कुठल्या डोंगरावरची?

कॉफी आपल्याकडे सतराव्या शतकात आली असं मानतात. बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून आजच्या चिक्कमगळूरुजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. तो डोंगर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातली असते : चिक्कमगळूरु, कोडगू म्हणजे कूर्ग, आणि हासन. त्याखालोखाल केरळातलं वायनाड आणि तमिळनाडूतले डोंगर. पूर्वेला आंध्रातली अरकू दरी आणि ओडिशातलं कोरापुट, तिथे आदिवासी शेतकरी लहान लहान तुकड्यांवर कॉफी करतात. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीचे मळे आहेत.

आपल्याकडची कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते, बरोबर मिरीचे वेल असतात. लाल झालेली फळं हाताने वेचावी लागतात, आणि ते काम पुष्कळ करून बायाच करतात. आपल्याकडे कापूस वेचताना जशी कंबर मोडते, तशीच तिकडे त्यांची मोडत असणार. दाणे हातात घेतले की हे आठवतं.

सांगलीच्या बेदाण्याला किंवा सोलापूरच्या चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं २०१९ मध्ये पाच कॉफींना मिळालं : कूर्ग अरेबिका, चिक्कमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, अरकू दरी अरेबिका आणि वायनाड रोबस्टा. पुड्यावर नुसतं ‘उत्तम दर्जाची कॉफी’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. गावाचं, मळ्याचं किंवा निदान जिल्ह्याचं नाव असेल तर विकणारा जबाबदारी घेतो आहे असं समजायला हरकत नाही.

चौथी गोष्ट : फळातून दाणा कसा काढला?

कॉफीचं फळ लहान बोराएवढं, आत बहुधा दोन दाणे. साल आणि गर काढून, दाणे धुऊन वाळवले की त्याला धुतलेली कॉफी म्हणतात. आपल्याकडे धुतलेल्या अरेबिकाच्या पुड्यावर ‘प्लँटेशन’ असा शब्द असतो. चव स्वच्छ, एकसारखी. दुसरी पद्धत म्हणजे अख्खं फळच उन्हात वाळवायचं, जसे आपण बेदाणे करतो, आणि मग साल फोडून दाणा काढायचा. त्याला ‘चेरी’ म्हणतात. ती चांगली वाळवली असेल तर गोडसर, फळासारखी लागते. वाळवणीत हयगय झाली तर कुबट वास येतो. आपण कुरडया-पापड वाळवतो, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रकार फार मजेचा. त्याचं नाव मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपात जायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगून फिकट पिवळे व्हायचे आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडायला लागली. पुढे जहाजं वेगवान झाली, तेव्हा तसे दाणे मिळेनात. म्हणून आता मंगळुरूच्या किनाऱ्यावर मोकळ्या हवेच्या गोदामात पावसाळाभर दाणे पसरून ठेवतात आणि पावसाळी वारं त्यांना मुद्दाम लागू देतात. आपल्या पापडाला सर्दली हवा लागली की आपण हळहळतो, तिकडे त्याचीच किंमत होते! या कॉफीत आंबटपणा फार कमी असतो. ज्यांना आंबट अजिबात नको, त्यांना ही आवडते.

पुड्यावर ‘एए’, ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरंही असतात. ती मुख्यतः दाण्याच्या आकाराची आहेत. ‘पीबी’ म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा, जसा एकदाणी शेंगेत असतो. मोठा दाणा दिसायला छान आणि सारखा भाजला जातो, पण मोठा म्हणजे चवदार असं नाही. नुसत्या अक्षरासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पाचवी गोष्ट : भाजणी आणि तारीख

भाजणीचं महत्त्व आपल्याइतकं कुणाला कळणार? शेंगदाणा कच्चा राहिला तर कूट बेचव, करपला तर कडू. कॉफीचंही तसंच. हलकी भाजलेली कॉफी गार पाण्यात नीट उतरत नाही, पाणचट आणि आंबूस लागते. फार भाजलेली काळपट दिसते, वर तेलाची चकाकी असते, ती कडवट आणि धुरकट लागते. मधली भाजणी घ्या : दाणा तपकिरी, वरून कोरडा. पुड्यावर ‘मीडियम रोस्ट’ असं लिहितात.

आता तारीख. बांधणीची तारीख आणि भाजल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला भाजल्याची हवी. भाजल्यानंतर साधारण आठवडाभराने ते महिन्याभरापर्यंत दाणा ऐन भरात असतो. पुढे तो नासत नाही, पण वास उडत जातो, जुन्या मसाल्यासारखा. पूड केली की वास आणखी लवकर जातो. म्हणून शक्यतो अख्खे दाणे घ्या, तेही लागतील तेवढेच, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात उजेडापासून लांब ठेवा.

दळताना आणि भिजवताना

आमची दुसरी चूक म्हणजे ती पावडर पिठासारखी बारीक होती. कोल्ड ब्रूला भरडा लागतो, लापशीच्या रव्याएवढा. घरच्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. एकदम लावून ठेवलं तर खाली पीठ होतं आणि वर दाणे तसेच. मग बारीक चाळणीने चाळा. खाली पडलेलं पीठ घरच्या दुधाच्या कॉफीला वापरा, वाया जात नाही.

प्रमाण सोपं आहे : १०० ग्रॅम भरड्याला ८०० मिलिलिटर पाणी. पाणी उकळून गार केलेलं. काचेची किंवा स्टीलची बरणी गरम पाण्याने धुऊन कोरडी केलेली. भरडा आणि पाणी एकदा हलवून, झाकण लावून सोळा-अठरा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग आधी गाळणीने आणि नंतर स्वच्छ, दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, पिळलं की गाळ आणि कडूपणा उतरतो. भरडा बरंच पाणी पिऊन घेतो, त्यामुळे हाती साधारण ६०० मिलिलिटर येतं. उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात टाका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ही कॉफी उकळलेली नसते, त्यामुळे जंतू मरत नाहीत. आपल्या उन्हाळ्यात ती रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फ्रीज हवाच. वीज बराच वेळ गेली आणि बरणी कोमट झाली, तर ती कॉफी गिऱ्हाइकाला देऊ नका. आम्ही चार दिवसांच्या पुढे ठेवत नाही, आणि दूध घातलेली तर त्याच वेळी संपवतो.

जिभेची परीक्षा

नऊशे रुपयांचा धडा मिळाल्यावर आम्ही दुसऱ्या वेळी मोठा पुडा घेतला नाही. तीन लहान पुडे मागवले : चिक्कमगळूरची धुतलेली अरेबिका मध्यम भाजलेली, तीच हलकी भाजलेली, आणि काळी भाजलेली रोबस्टा. प्रत्येकीतली २५ ग्रॅम, २०० मिलिलिटर पाण्यात. तीन बरण्यांना खालून चिठ्ठ्या लावल्या आणि बैठकीला आलेल्या सगळ्यांना एकेक घोट दिला. कुठली कोणती हे सांगितलं नाही.

हलकी भाजलेली कुणालाच आवडली नाही. “चिंचेचं पाणी उरलंय का गं?” असं एक काकू म्हणाल्या. रोबस्टा दोघींना आवडली, पण दूध घालून. मध्यम अरेबिकाला मात्र सगळ्यांनी हात वर केले, आयुष्यात कधी कॉफी न प्यालेल्या आजींनीसुद्धा. त्या म्हणाल्या, “भाजक्या शेंगदाण्याचा वास येतोय की!” अगदी बरोबर. पुड्यावर तेच लिहिलं होतं.

मग हिशेब मांडला. आम्हाला २५० ग्रॅम दाणे ४०० रुपयांना पडले. म्हणजे १०० ग्रॅमचे १६० रुपये, आणि त्यात १०० मिलिलिटरचे सहा ग्लास. ग्लासामागे नुसती कॉफी २७ रुपयांची. बर्फ, गुळाचा पाक, वीज आणि मेहनत धरून आम्ही किंमत ५० रुपये ठेवली. शहरातला दोनशेचा भाव आपल्याला मिळणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पण कोकम सरबताच्या शेजारी ती चालते, आणि आता कुणी अर्धा ग्लास टाकून जात नाही. विकायचं असेल तर अन्नपदार्थांची नोंदणी आधी करून घ्या. सरबताची असेल, तर कॉफी त्यात बसते का ते विचारून घ्या.

आणि आपल्या तब्येतीचं

गार पाण्यातल्या कॉफीने पित्त होत नाही, असं पुष्कळ जण सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नका. अमेरिकेत २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दोन्ही कॉफींची आम्लता मोजली, ती जवळपास सारखीच निघाली. चव सौम्य लागते, एवढंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे कॅफिन नको असं म्हटलं आहे. दाण्यांच्या कॉफीच्या एका कपात ८० ते १२० मिलिग्रॅम असतं, आणि कोल्ड ब्रूच्या ग्लासातही निदान तेवढं धरून चाला. म्हणजे दिवसाला दोन ग्लास खूप झाले. चहा धरून हिशेब करा बरं का, त्यातही कॅफिन असतं. पोटुशी असाल तर डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारूनच घ्या.

आणि जेवणाच्या आगेमागे एक तास चहा-कॉफी दोन्ही टाळा. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्यापैकी कितीजणींचं रक्त कमी आहे हे आपल्याला शिबिरात दिसतंच. लोहाची गोळी तर चहा-कॉफीबरोबर कधीच नको.

तर मैत्रिणींनो, पुडा हातात घेतला की पाच गोष्टी : चिकोरी नको, अरेबिका की रोबस्टा ते पाहा, गावाचं नाव शोधा, दाणा धुतलेला की वाळवलेला ते पाहा, आणि भाजणी मध्यम, तारीख ताजी. त्यानंतर लहान पुडा घ्या, चार जणींना चाखायला द्या, आणि मगच गटाचे पैसे घाला. ही सवय कॉफीपुरतीच ठेवू नका. बियाण्याची पिशवी असो, मसाल्याचं पाकीट असो की कर्जाचा कागद, उलटून वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असा ठराव आम्ही त्याच बैठकीत केला. नऊशे रुपयांच्या नोंदीखालीच तो वहीत लिहिलेला आहे.

तुमच्या गटाने असं काही करून पाहिलं असेल, जमलं असेल किंवा फसलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार!